शिवकन्यानं खेकडा खाल्ला

जळकोटात शिवकन्याला आधी सगळे धुळाप्पाची पोरगी म्हणूनच ओळखायचे. ती जपानला गेली तेव्हा हायवेला, फाट्यावर तिचा फ्लेक्स लागला आणि ती 'जपानची शिवकन्या' झाली. परत आल्यावर एका दुपारी, पाहुण्यांसमोरच्या पोह्यांच्या बश्या अजून उचलल्या नव्हत्या तेवढ्यात, ती एक खरी गोष्ट बोलून गेली. तेव्हापासून गावात तिचं नाव निघालं की पाठोपाठ खेकड्याचं निघतं.

धुळाप्पा कडक माणूस. पहाटे अंघोळ, मग गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, आणि मगच चहाचा घोट. मठाचं काम असो की गावजेवण, धुळाप्पा पुढं. लिंगायताच्या घरात अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही, पण धुळाप्पाचं त्याच्याही पुढचं. पावसाळ्यात बोरी नदीला पाणी आलं की भोयांच्या बायका पाट्यांत खेकडे घेऊन गल्लीतून हाळी देत जायच्या. त्या पुढं जाईपर्यंत धुळाप्पाच्या घराचं दार लागलेलं असायचं. त्या बायकांनाही ते माहीत होतं. त्या मुद्दाम दारासमोर आवाज चढवायच्या, आणि आत शिवकन्याची आई, अव्वा, पदराआड हसायची.

शिवकन्या नर्सिंग शिकली, तुळजापुरात एका खासगी दवाखान्यात राबली. तिथं कुणीतरी सांगितलं, जपानला म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसं पाहिजेत, भाषा आली की नेतात. ती पुण्याला जाऊन ती आडवळणाची भाषा शिकली. धुळाप्पाची परवानगी मिळवायला मात्र भाषेपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी घराला स्लॅब टाकायचा होता, थोरल्या भावाला, ईरण्णाला, खताबियाण्याचं दुकान काढायचं होतं, म्हणून तो कबूल झाला. निघायच्या दिवशी त्यानं तिचा हात स्वतःच्या गळ्यातल्या लिंगावर ठेवला.

"काम कर. कामाला लाजायचं न्हाय, काम म्हंजे पूजाच. पर तोंड बाटवायचं न्हाय."

"न्हाय बाटवणार, अप्पा."

तिनं तो शब्द पाळलाही. कसा पाळला ते तिचं तिलाच ठाऊक. त्या देशात साध्या सूपातसुद्धा माशाचं पाणी, लोणच्यातसुद्धा वाळकी कोळंबी. पहिल्या वर्षी ती भात आणि घरून आणलेली शेंगाचटणी यांवर जगली. मग टोफू खायला शिकली. पाकिटांवरची जपानी अक्षरं ती धड्यातल्या अक्षरांपेक्षा आधी वाचायला लागली, कारण त्यांत मासा कुठं लपलाय ते शोधावं लागे. सोबतच्या मुली हसायच्या. ती पण हसायची, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन खिडकीपाशी वेगळी बसायची.

ती ज्या वृद्धाश्रमात होती ते गाव समुद्राकाठचं, तोत्तोरी नावाच्या भागातलं. तिथं हामादा नावाचा एक म्हातारा होता. जन्मभर खेकड्यांची बोट चालवलेला. हात अजून दोरखंडासारखे, पण घसा कामातून गेलेला. घास नीट खाली उतरायचा नाही, श्वासनळीत जायचा. म्हणून स्वयंपाकघरातून त्याच्यासाठी सगळं वाटून यायचं. वाटलेला मासा, वाटलेलं गाजर, वाटलेला भात, ताटात तीन रंगांचे तीन ढीग. म्हातारा ते बघायचा आणि ओठ मिटायचा. एकदा मिटले की मिटले. नर्सनं विनवलं, डॉक्टर रागावले, लेक रडली. अंगावरचं मांस उतरत गेलं आणि डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, की आता जास्त दिवस धरू नका.

खेकड्यांचा हंगाम सुरू झाला तेव्हा एका दुपारी ती लेक कापडात गुंडाळलेला डबा घेऊन आली. डब्यात खेकड्याची पाठ होती, वाटीसारखी उलटी ठेवलेली, आणि त्या वाटीत खेकड्याच्या पोटातला गर. निखाऱ्यावर त्याच्याच पाण्यात शिजवलेला. रंग हिरवट, तळ्याच्या तळाशी असलेल्या गाळासारखा. लेक म्हणाली, "आमच्या घरी खेकड्याचं मांस मुलांना, आणि हे बाबांना. याला कुणी हात लावायचा नाही." तो गर मऊ होता, चावायचा प्रश्न नव्हता. डॉक्टरांची परवानगी तिनं आधीच काढली होती.

भरवायचं काम शिवकन्याचं. वास नाकात गेला. तिनं श्वास धरला, चमचा भरला, म्हाताऱ्याच्या ओठांशी नेला. ओठ उघडले नाहीत. पण नेहमीसारखी मानही फिरवली नाही. त्यानं डावा हात वर आणला, तिचं मनगट धरलं आणि चमचा हळूहळू तिच्याच तोंडाकडं वळवला.

लेकीला रडू फुटलं. रडता रडता तिनं सांगितलं, बाबांच्या बोटीवर हंगामाचा पहिला खेकडा फोडला की त्यातला पहिला चमचा बोटीवर सगळ्यांत नवा जो असेल त्याला. त्यानं खाल्ल्याशिवाय कप्तान खायचा नाही. "त्यांना वाटतंय तुम्ही बोटीवर नव्या आलात." मग तिनं डोळे पुसले आणि वाकून म्हणाली, "तुम्ही नका खाऊ. तुमचा धर्म आहे, मला माहीत आहे. मी खाते."

तिनं चमचा घ्यायला हात पुढं केला, पण म्हातारा सोडेना. चमच्यातला एक थेंब पांढऱ्या चादरीवर पडला. त्यानं शिवकन्याकडं असं पाहिलं, की त्या पाहण्यात विनवणी नव्हती, जुलूम नव्हता. नव्या पोराला बोटीवर सामावून घेणाऱ्या मालकाचं ते पाहणं होतं. त्या परक्या गावात इतक्या वर्षांत तिच्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं.

तिनं तोंड उघडलं.

आधी खारट लागलं, मग कडू, आणि कडूच्या मागून लोण्यासारखं काहीतरी जिभेवर पसरलं. तिला वाटलं होतं उलटी होईल. झाली नाही. म्हाताऱ्यानं मान हलवली, तिचं मनगट सोडलं आणि आ केला.

त्या दिवशी त्यानं ती पाठ चाटूनपुसून संपवली. दुसऱ्या दिवशी शिवकन्याच्या हातून वाटलेलं गाजरही खाल्लं. पुढं कुणाच्या नाही, पण तिच्या हातून तो सगळं खायचा, आणि डॉक्टरांनी ज्याचे दिवस मोजले होते तो म्हातारा पुढचा उन्हाळा बघून गेला. जायच्या दिवशी, घशात अडकू नये म्हणून घट्ट केलेल्या चहाचा शेवटचा चमचा त्यानं घेतला तो तिच्याच हातचा.

खेकडा खाल्ला त्या संध्याकाळी शिवकन्यानं खोलीवर येऊन पुन्हा पुन्हा चुळा भरल्या. अंघोळ केली, विभूती लावली, लिंग तळहातावर घेतलं. तिला भीती होती की काहीतरी होईल. लिंग रोजच्यासारखंच गार लागलं. तिनं ते परत गळ्यात घातलं आणि ती भात लावायला उठली.

करार संपवून ती घरी आली तेव्हा घरावर स्लॅब पडला होता, वर तिच्यासाठी म्हणून खोली निघाली होती, पण त्या खोलीत ईरण्णाच्या दुकानाची पोती होती. तरी पहिले काही महिने कौतुकाचे गेले. शाळेत सत्कार झाला. ईरण्णाची बायको शिवांजली जपानच्या गोष्टी ऐकायला तिच्या मागं मागं फिरायची. मग अक्कलकोटचं स्थळ आलं. मुलगा पुण्याला कंपनीत, घर तोलामोलाचं, मठाशी जुना संबंध. मुलाचे काका बोलके. पोहे खाता खाता ते म्हणाले,

"तिकडं म्हणं सगळं मासळीचंच असतंय. तुमी कसं निभावलं पोरी?"

तिच्या आधी धुळाप्पाच बोलला. छाती पुढं काढून बोलला. "आमची पोरगी भात-लोणच्यावर राहिली. पाच वर्सं. पर तोंड बाटवलं न्हाय. विचारा कुणाला बी."

कुणी कुणाला विचारणार होतं? शिवकन्या गप्प बसली असती तर गोष्ट तिथंच संपत होती. आपण का बोललो, हे तिनं पुढं स्वतःला पुष्कळदा विचारलं. तिला एवढंच आठवे की अप्पाच्या त्या वाक्यात हामादा म्हातारा जगात नव्हताच असं झालं होतं, आणि ते तिला सोसलं नाही.

"एकदा खाल्लं," ती म्हणाली.

काकांचा चमचा बशीतच राहिला. "काय खाल्लं?"

"खेकडा. म्हंजे, त्याच्या पोटातला गर. एक म्हातारे होते, ते जेवत नव्हते. मी खाल्लं तवा ते जेवले."

शिवांजलीच्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला. मुलगा मोबाईलकडं बघत राहिला, त्याचे कान लाल झाले होते. काका उठताना म्हणाले, "पोरगी खरं बोलती, चांगलं हाय," आणि चपला घालताना एवढंच, "कळवतो."

त्यांनी कळवलं नाही. मुलाचा मात्र दोन दिवसांनी मेसेज आला. 'तुम्ही सांगायला नको होतं. मीपण पुण्यात चिकन खातो, घरी माहीत नाही.' शिवकन्यानं तो वाचला आणि पुसून टाकला.

पाहुण्यांची गाडी फाट्याकडं वळल्याबरोबर धुळाप्पानं न्हाणीत जाऊन खळखळून चूळ भरली. जणू त्यानंच काही खाल्लं होतं. बाहेर आला तो तिच्यासमोर उभा राहिला.

"कुणी धरून-बांधून घातलं का तोंडात?"

"न्हाय."

"उपाशी मरत होतीस?"

"न्हाय, अप्पा. ते मरत होते."

"तुझा बाप व्हता का त्यो?"

ती पोह्यांच्या बश्या उचलायला लागली.

तिला स्वयंपाकघरात येऊ नको असं कुणी म्हटलं नाही. अव्वानं फक्त तिचं ताट पडवीत वाढायला सुरुवात केली. तिनं भरलेला हंडा तसाच राहायचा आणि शिवांजली मान खाली घालून दुसरा भरून आणायची. मठाचे स्वामी गावात आले तेव्हा अव्वानं त्यांना गुपचूप विचारलं. स्वामी वयस्कर, शांत. म्हणाले, विभूती लावा, पूजा करू द्या, झालं. एका घासानं बाटंल एवढं काय आपलं लिंग कच्चं न्हाय. अव्वाला हायसं वाटलं. पण धुळाप्पा म्हणाला, "स्वामी मोठ्या मनाचे हायेत. अक्कलकोटापस्तोर गाव हसतंय त्याचं काय?"

सगळ्यांत जास्त आवाज ईरण्णाचा. हिच्यामुळं आपल्या पोरींना स्थळं येणार नाहीत म्हणून तो भांडी आपटायचा. त्याच्या पोरी अजून बालवाडीत होत्या. हा ईरण्णा दर आठवड्याला नळदुर्गच्या अलीकडच्या ढाब्यावर मटणाच्या ताटाला बसायचा, हे जळकोटातली शेंबडी पोरंसुद्धा जाणत होती. एकदा न राहवून शिवकन्या अव्वाला म्हणाली,

"आण्णा ढाब्यावर काय खातोय ते विचार की एकदा."

अव्वा ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यो गडी हाय. भाईर खातोय, भाईर हात धुतोय. चार मान्सांत सांगत बसत न्हाय."

दिवाळीनंतर, शेतात ज्वारी पोटऱ्यात आली होती तेव्हा, एका सकाळी धुळाप्पा पूजेच्या पाटावरच कलंडला. लकवा. सोलापूरला नेलं, आठवडाभर ठेवलं, आणि उजवं अंग गेलेलं, जीभ जडावलेली, अशा माणसाला घरी आणून पडवीतल्या खाटेवर टाकलं.

पहिल्याच दिवशी अंथरूण खराब झालं. ईरण्णानं नाकाला रुमाल लावला आणि दुकान उघडायला गेला. शिवांजली सून, ती सासऱ्याचं अंग कसं उघडणार? अव्वाची कंबर धरलेली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. शिवकन्या उठली, गरम पाणी काढलं, बाही वर केली. कुशीवर कसं वळवायचं, चादर खालून कशी ओढून घ्यायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून कुठं उशी द्यायची, हे तिचे हात आपोआप करत गेले. धुळाप्पानं डोळे गच्च मिटले होते. एका डोळ्यातून पाणी कानापर्यंत ओघळलं. तिनं तेही पुसलं.

मग तिनं दाटसर खिरीची वाटी आणली. चमचा ओठाशी नेला. ओठ मिटले.

तसे मिटलेले ओठ तिनं पूर्वी पाहिले होते. पण हा म्हातारा डोळे उघडून तिच्याकडं बघत होता आणि त्या डोळ्यांत सरळ नकार होता. अव्वानं वाटी तिच्या हातातून काढून घेतली. "दे हिकडं. आजारी मान्साला तरास नको."

अव्वा भरवायची ते त्याला आडवाच ठेवून, मोठाले चमचे, एक गिळायच्या आत दुसरा. त्याला ठसका लागायचा, तोंड काळंनिळं पडायचं. शिवकन्या बाजूला उभी राहून सांगायची. उशाशी उंच कर, हनुवटी छातीकडं आण, घशाची गाठ हलू दे मग दुसरा दे. अव्वा तसं करायची, दोन चमचे करायची, मग चुलीवर काहीतरी उतू जायचं आणि पुन्हा घाई. पोटात कमी आणि उपरण्यावर जास्त, अशानं धुळाप्पा वाळत चालला.

एकदा चादरी धुऊन आल्यावर शिवकन्या ओल्या हातानं तशीच अव्वासमोर उभी राहिली.

"घाण काढायला माझा हात चालतोय, अव्वा. घास द्यायला चालत न्हाय."

अव्वानं थोडा विचार केला. तिनं ते टाकून बोलण्यासाठी म्हटलं नाही, तिला जे खरं वाटलं ते सांगितलं. "घाण भाईर जाती, बाई. घास आत जातोय."

तूर काढणीला आली तशी अव्वा आणि शिवांजली दुपारच्या शेतात जायला लागल्या. अव्वा खिरीची वाटी झाकून ठेवायची, आल्यावर भरवीन म्हणायची. एका दुपारी धुळाप्पा घशातून आवाज काढायला लागला. शिवकन्यानं पाहिलं, अंथरूण कोरडं होतं. त्याची नजर वाटीकडं होती.

"भूक लागली का, अप्पा? अव्वा येईपस्तोर थांबायचं का?"

त्यानं नजर वाटीवरून उचलली आणि दाराकडं नेली. पुन्हा वाटीकडं आणली, पुन्हा दाराकडं. रस्त्यावरचं दार सताड उघडं होतं. शिवकन्याला कळायला थोडा वेळ लागला. मग ती उठली आणि दाराला कडी घातली. वळून पाहिलं तर धुळाप्पाचं तोंड उघडं होतं.

तिनं खीर गाळून घेतली, त्याला उंच बसवलं आणि भरवलं. एकही ठसका लागला नाही. वाटी संपली.

मग ते रोजचंच झालं. घर मोकळं झालं की कडी, कडी लागली की घास. संध्याकाळी सगळ्यांसमोर ती पाण्याचा पेला घेऊन गेली तरी धुळाप्पा मान भिंतीकडं फिरवायचा. पहिले काही दिवस शिवकन्याला त्यात बापाची माया दिसली. लाजतोय, हळूहळू सगळ्यांसमोर घेईल, असं तिनं मनाला सांगितलं. त्याच्या गालांवर मांस आलं. जीभ थोडी वळायला लागली. अव्वा म्हणाली, स्वामींनी दिलेली विभूती पावली.

एका दुपारी ईरण्णा अवेळीच घरी आला. गाडीचा आवाज अंगणात आला तेव्हा घास धुळाप्पाच्या तोंडात होता. त्यानं तो तिच्या मनगटावर थुंकला. कडी वाजली. शिवकन्यानं हात पुसला, वाटी खाटेखाली सरकवली आणि दार उघडलं.

"दार लावून काय चाललंय?"

"अंग पुसायले," ती म्हणाली.

शेतातली कामं आटोपल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. एका सोमवारी भावकीतले पाच-सहा जण खाटेभोवती बसले होते. शेजारचा बलभीम तात्या, धुळाप्पाचा लंगोटीयार, म्हणाला, "धुळाप्पा, तू उठून बसलास ते पोरीमुळं बग. लेक असावी तर अशी. काय बी म्हणा, हिनंच वाचवलं तुला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शिवकन्या उशापाशी टॉवेल घेऊन उभी होती. तिला उगीचच लाजल्यासारखं झालं. धुळाप्पानं डावा हात वर केला, मला बोलायचंय अशी खूण केली. सगळे थांबले. जड जिभेनं, एकेक अक्षर उचलून ठेवत, तो म्हणाला,

"सेवा... केली. पर हिच्या... हातचं... खाल्लं... न्हाय. एक... घास... न्हाय."

म्हणताना त्याची मोडकी मान ताठ झाली होती. भावकीतला एक जण म्हणाला, "वा रे धुळाप्पा! असं पायजे. नेम म्हंजे नेम."

शिवकन्या त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं एकदा तरी तिच्याकडं बघावं म्हणून थांबली. तो छताच्या नव्या स्लॅबकडं बघत होता. तिच्या तोंडाशी आलं होतं. दुपारी कडी कोण लावायला लावतंय ते विचारा, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली. अव्वा पदराचं टोक तोंडात धरून उभी होती आणि अगदी हळू मान हलवत होती. नको. नको बोलू.

म्हणजे अव्वाला माहीत होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. विभूती पावली म्हणाली तेव्हाही कदाचित माहीत होतं.

शिवकन्यानं टॉवेल घडी करून ठेवला आणि चादरी वाळत घातल्या होत्या तिकडं ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर मोकळं झालं. तिनं खीर गाळली, त्याला उंच बसवलं आणि वाटी घेऊन स्टुलावर बसली. दार उघडंच होतं. धुळाप्पानं दाराकडं पाहिलं.

"दार आता उघडंच राहील, अप्पा. घ्या."

चमचा ओठाशी होता. समोरच्या ओट्यावर बाया शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. धुळाप्पानं डावा हात दाराकडं नेला, घशातून आवाज काढला. पोट खपाटीला लागलं होतं, डोळे वाटीवर होते. तिनं चमचा मागं घेतला नाही आणि ती उठलीही नाही. गल्लीतून एक बाई डोकावून गेली. धुळाप्पानं ओठ मिटले आणि मान भिंतीकडं केली.

खिरीवर साय धरली तेव्हा शिवकन्यानं वाटी खाली ठेवली आणि अव्वाला फोन लावला. "घरी ये. अप्पाला भूक लागलीय."

पुढचे काही आठवडे तिनं शिवांजलीला शिकवलं. कुशीवर वळवणं, अंग पुसणं, चमचा किती भरायचा, घशाची गाठ कशी बघायची. शिवांजली आधी लाजली, मग शिकली. तिचा हात चांगला होता, पण धीर कमी. "अक्का, तुमी जाऊ नका," ती एकदा चुलीपाशी रडत म्हणाली. "माझ्यानं हे न्हाय व्हायचं." शिवकन्या म्हणाली, "व्हईल. तुझ्या हातचं चालतंय की त्यांना." ते इतकं कडवट निघालं, की शिवांजली तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

पुण्याच्या एजन्सीनं नवा करार काढला. निघताना शिवकन्या खाटेपाशी वाकली, पायाला हात लावला. धुळाप्पाचे डोळे मिटलेले होते. झोप नव्हती ती. झोपलेल्या माणसाच्या पापण्या कशा असतात हे तिला माहीत होतं. ईरण्णानं फाट्यावर सोडलं आणि बस लागायच्या आतच गाडी वळवली.

या खेपेला तिनं समुद्राकाठचं गाव मागितलं नाही. डोंगरातलं मिळालं. तिथं ती आता काही विचारत बसत नाही. ताटात येईल ते खाते. मासा येतो, कोंबडी येते. चव लागते किंवा लागत नाही. लिंगाची पूजा मात्र रोज करते, कारण ती आपली आहे, अप्पाची नव्हे, असं तिनं ठरवून टाकलंय.

पुढच्या वर्षी माघात धुळाप्पा गेला. छातीत कफ भरला होता, डॉक्टर म्हणाले घास फुप्फुसात गेला. मळ्यात माती देऊन झाल्यावर ईरण्णाचा फोन आला. तुला कळवून काय उपेग होता, एवढ्या लांबून काय येणार होतीस, असं तो म्हणाला. खरंच होतं ते.

अव्वाचा फोन त्यानंतर पंधरवड्यानं आला. इकडचं तिकडचं बोलली. ज्वारी, शिवांजलीचं दुखणं, बोरीचं आटलेलं पाणी. मग धुळाप्पाचं निघालं.

"शेवटी शेवटी दुपार झाली की दाराकडं बगत बसायचे," ती म्हणाली. "हात करायचे. दार लावा, दार लावा म्हणून."

"मग?"

"मग म्या लावायची. कडी घालायची. तवा तोंड उघडायचे. म्या घास घेऊन गेले की बगायचे माझ्याकडं, आन् मिटून घ्यायचे."

शिवकन्याच्या खोलीबाहेर जिन्यावर कुणीतरी बूट झटकत होतं. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शिवकन्या? ऐकायलीस का?"

"ऐकायले," ती म्हणाली. "अव्वा, माझी ड्युटीची येळ झाली. ठेवते."